४०१ भारी की ३०१?

(टेबलावर वही, त्यावर स्केचपेनने दोन आकडे: ४०१ आणि ३०१)

नमस्कार मंडळी! आज बेसबॉल. पण क्रिकेटची सरासरी आधी डोक्यातून काढून टाका, कारण इथे धावा मोजतच नाहीत. फलंदाज किती वेळा खेळला आणि त्यातल्या किती वेळा हिट मारून बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, पोचला, एवढाच भागाकार.

डावीकडचा बिल टेरी, न्यूयॉर्क जायंट्स, १९३०. ६३३ पैकी २५४ हिट. ०.४०१. उजवीकडचा बोस्टन रेड सॉक्सचा कार्ल यस्त्रेम्स्की. जीभ वळत नाही ना? तिकडेही त्याला सगळे 'याझ'च म्हणतात. १९६८ साली ५३९ पैकी १६२, म्हणजे ०.३०१. शून्य आणि टिंब बोलताना कुणी घेत नाही. चारशे एक, तीनशे एक. बस.

टेरी शंभरने पुढे. मग व्हिडिओ कशाला बनवला?

तिकडच्या मुख्य बेसबॉलच्या दोन लीग, अमेरिकन आणि नॅशनल. तर त्या ३०१ वर याझ अमेरिकन लीगमध्ये पहिला आला होता. तीनशे ओलांडणारा अख्ख्या लीगमध्ये तो एकटा. दुसरा डॅनी केटर, २९० वर. आणि १९३० मध्ये, टेरीच्या नॅशनल लीगमध्ये, झाडून सगळ्या फलंदाजांची मिळून सरासरी किती? ३०३! म्हणजे याझचा पहिल्या नंबरचा आकडा तिथे सरासरीलाही पुरला नसता. त्या वर्षीच्या फिलाडेल्फिया फिलीजचं तर मला फार हसू येतं. संघाची सरासरी ३१५, आणि नंबर शेवटचा. १०२ सामने हरले. मारत होते त्याहून जास्त मार खात होते.

१९६८ मध्ये नेमकं उलटं. पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो तो तेव्हा १५ इंच उंच. त्यात १९६३ पासून स्ट्राइक झोन, म्हणजे ज्या चौकटीतून गेलेला चेंडू न मारला तरी फलंदाजाच्या विरोधात धरतात ती, वाढवलेला, पार खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. फलंदाजाने खेळायचं कुठे? अमेरिकन लीगची सरासरी घसरून २३० वर आली. पलीकडे नॅशनल लीगमध्ये पिचर बॉब गिब्सनने तर नऊ डावांमागे १.१२ धावा दिल्या. शेवटी १९६९ ला उंचवटा १० इंचांवर आणला, झोनही आखडला.

(मोबाइलचा कॅल्क्युलेटर कॅमेऱ्यासमोर)

आता प्रत्येकाला त्याच्याच लीगने भागू. ४०१ भागिले ३०३... १.३२. ३०१ भागिले २३०... १.३१. शंभराचा फरक गेला कुठे? टेरी लीगपेक्षा ३२ टक्के पुढे, याझ ३१ टक्के.

बरोबरी? माझं मत याझला. कारण या सरासरीत वॉक धरतच नाहीत. पिचरचे चार चेंडू झोनच्या बाहेर गेले आणि फलंदाजाने बॅट फिरवली नाही, की तो चालत पहिल्या बेसवर जातो. संघाला माणूस बेसवर मिळाला, पण सरासरीत त्याची नोंद शून्य. टेरीचे वॉक ५७. याझचे ११९!

म्हणून ऑन-बेस बघायचं, वॉक धरून. टेरी ४५२, त्याची लीग ३६०. याझ ४२६, त्याची लीग २९७. भागा. टेरी १.२६, याझ १.४३. आता तो बराच पुढे निघाला.

हाच हिशेब आणखी नीट करणारा आकडा म्हणजे ओपीएस प्लस. त्यात बेसवर पोचणं, लांब फटके आणि मैदान फलंदाजाला किती सोपं, हे सगळं धरतात, आणि लीगची सरासरी कायम १०० ठेवतात. बोस्टनचं मैदान फलंदाजांना तसं सोपंच, त्याची वजावट करूनही १९६८ चा याझ १७० च्या आसपास निघतो. टेरी १६० च्या.

आता एक तुमच्याकडे. टेड विल्यम्स, १९४१, सरासरी ४०६, अमेरिकन लीगची २६६. कॅल्क्युलेटर काढा, उत्तर कॉमेंटमध्ये टाका. टेरीच्या बाजूने भांडायचं असेल तर तेही तिथेच.