एक इंची पाइपातली प्रकाशतलवार

(दृश्य: सकाळचं सियागंज. हातगाड्या, सुतळीने बांधलेले पाइपांचे भारे, दुकानाच्या दारात टांगलेल्या होज क्लॅम्पच्या माळा.)

इंदूरचं सियागंज. नळ, बिजागऱ्या, साखळ्या, घर बांधायला लागणारं सगळं या गल्ल्यांत मिळतं. अंतराळातल्या योद्ध्याच्या हातात शोभेल अशी उजेडाच्या पात्याची खोटी तलवारही इथूनच उभी राहते. मागायचं एवढंच: "भिया, एक इंच यूपीव्हीसी, शेड्यूल चालीस, एक फुट."

त्यातलं "शेड्यूल चालीस" गाळू नका, ती पाइपाच्या जाडीची श्रेणी आहे. नुसतं एक इंची म्हटलं, तर ३२ मिलिमीटरचा पातळ शेतीचा पाइप हातात पडू शकतो. आपल्याला हवा तो बाहेरून ३३.४ आणि आतून साधारण २६.६ मिलिमीटर. सगळं काम या आतल्या मापावर उभं आहे. पात्याची पॉलिकार्बोनेटची, म्हणजे कडक पारदर्शक प्लॅस्टिकची नळी बाहेरून २५.४ मिलिमीटरची, लिथियम सेल १८ मिलिमीटरचे. दोन्ही याच भोकात जातात.

(दृश्य: लाकडी फळीवर मांडलेलं सामान. कॅमेरा सावकाश पुढे सरकतो.)

पाइप, एक कपलर (दोन पाइप जोडणारा तुकडा), एक एंड कॅप (पाइपाचं टोक बंद करणारं टोपण), २५ ते ४० मिलिमीटरचा होज क्लॅम्प, खिडकीच्या काचेला लागतं ते रबरी गास्केट, १० मिलिमीटर रुंदीची ॲल्युमिनियमची पट्टी. दिव्यांचं सामान जवळच, महाराणी रोडवर.

अशी तलवार दुकानातून उचललेल्या वस्तूंचीच असते, अगदी मुळापासून. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' या अवकाशपटात नायकाच्या प्रकाशतलवारीची मूठ म्हणजे ग्राफलेक्स या अमेरिकन प्रेस कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा जुना दांडा होता. सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चन यांना तो लंडनमधल्या कॅमेऱ्याच्या दुकानात मिळाला. त्यांनी त्याला रबरी पट्ट्या चिकटवल्या आणि कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची भिंगांची पट्टी बसवली. त्या फ्लॅशमध्ये तीन मोठे सेल मावत. आपल्या मुठीतही तीनच सेल बसणार आहेत.

(दृश्य: आरीचं पातं, पांढरा भुसा. जवळून.)

मुठीसाठी पाइप ३०० मिलिमीटर कापायचा. सरळ कडेचा कागद भोवती गुंडाळा, कड कडेला जुळवा आणि पेन्सिल फिरवा. आरीला इंचाला २४ दात्यांचं पातं हवं. एका दमात आरपार कापलं की काप हमखास तिरका जातो. म्हणून थोडं कापायचं, पाइप फिरवायचा, पुन्हा थोडं कापायचं. तोंडाला मास्क लावा, पीव्हीसीचा भुसा छातीत जायला नको.

कपलर मुठीच्या तोंडाशी बसतो, पण आत मधोमध एक कडं असतं, पाइप तिथेच अडतो. ते अर्धगोल कानशीने काढावं लागतं. शिवाय कपलर आतून निमुळता असतो. प्लंबर सोल्युशन, म्हणजे पाइप चिकटवायचं द्रावण, लावतो तेव्हा प्लॅस्टिक मऊ होऊन पाइप सरकतो. कोरडा पाइप अर्ध्यावर रुतून बसतो. हातोडी मारली की कपलर चिरतो. ८० नंबरचा पॉलिशपेपर काठीला गुंडाळून आतून घासत राहा, हाताने दाबून सरकला की थांबा. एंड कॅपचंही तसंच. सोल्युशन कुठेच लावायचं नाही, मूठ पुन्हा उघडता आली पाहिजे.

(दृश्य: ड्रिल. धागा धागा निघणारं प्लॅस्टिक.)

बटणाचं भोक १२ मिलिमीटरचं, तोंडापासून ७५ मिलिमीटरवर. मोठा बिट थेट लावला तर तो पीव्हीसीत घुसतो, पाइपाला झटका देतो आणि कड फुटते. आधी ३ मिलिमीटर, मग पायरीपायरीने रुंद होणारा स्टेप बिट, कमी वेगात. पातं धरणाऱ्या एम-४, म्हणजे ४ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी ३.३ मिलिमीटरचं भोक पाडून त्यात आटे पाडणारा टॅप फिरवायचा. कपलर आणि पाइप मिळून जाडी चांगली भरते, आटे टिकतात.

(दृश्य: फवारा. पांढरा पाइप काळा होतो, मग धातूचा.)

ज्याचा रंग उडतो, त्याने घासण्यात आळस केलेला असतो. पाइपावरची छापील अक्षरं आणि सगळी चकाकी २२० च्या पेपरने जायला हवी, मग ४००. गाडीचा प्रायमर, त्यावर चमकदार काळा, काळा पूर्ण सुकल्यावर क्रोम स्प्रेचे पातळ हात. त्यावर लॅकर मारू नका. आरसा जातो आणि राखाडी पत्रा उरतो. पावसाळी, दमट दिवशी रंगावर पांढुरकी साय धरते, त्या दिवशी रंगकाम ठेवूच नये.

मग सर्वांत देखणं काम. काळा आणि तपकिरी ॲक्रिलिक रंग पाण्यात पातळ करून सगळीकडे फासायचा आणि लगेच फडक्याने पुसायचा. खाचांत तो राहतो, कडांवरून निघतो. बघा, वापरलेली वस्तू दिसायला लागली.

गास्केटच्या सहा पट्ट्या, प्रत्येकी ७५ मिलिमीटर. पाइपाचा घेर १०५ मिलिमीटर. तेवढी कागदाची पट्टी आधी दुमडून निम्मी करा, मग तिची तिहेरी घडी. दर १७.५ मिलिमीटरवर खूण मिळते. रंगावर चिकटवलेलं रबर रंगासकट सुटतं, म्हणून या जागा फवाऱ्याआधीच मास्किंग टेपने झाकलेल्या होत्या.

(दृश्य: अनंत चतुर्दशीची रात्र. झांकीवरचे, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथावरचे दिवे.)

या शहराला असे हात नवे नाहीत. कापड गिरण्यांच्या झांक्या कामगारांनी घडवल्या: लोखंडी सांगाडे, हलणारे देखावे, दिव्यांच्या माळा. गिरण्या बंद पडल्या, झांक्या अजून निघतात.

(दृश्य: सोल्डरचा धूर. पट्टीवर एकेक दिवा.)

ॲल्युमिनियमच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी १२ व्होल्टची निळी एलईडी पट्टी, मीटरला १२० दिव्यांची, प्रत्येकी ८०० मिलिमीटर. ती तीन तीन दिव्यांच्या खुणेवरच कापता येते. कापलेलं टोक ॲल्युमिनियमला टेकलं की शॉर्ट, तिथे इन्सुलेशन टेप हवीच. दोन्ही पट्ट्या मिळून सव्वा अँपिअरच्या आसपास घेतात. रिमोटमधला चिमुकला १२ व्होल्टचा सेल इथे काही क्षणांत मान टाकतो. १८६५० मापाचे तीन सेल एकामागे एक, सोबत संरक्षण सर्किट आणि फ्यूज. सेलवर थेट सोल्डर करू नका, उष्णतेने सेल आतून खराब होतो. ई-रिक्षाच्या बॅटऱ्या जोडणाऱ्याकडून निकेलची पट्टी स्पॉट वेल्ड करून घ्या. चार्जिंगचं सॉकेट एंड कॅपमध्ये, चार्जर १२.६ व्होल्टचा.

पारदर्शक नळीत पट्टी तशीच घातली तर ठिपके दिसतात, तलवार दिसत नाही. नव्या भांड्यांना गुंडाळलेलं पांढरं फोम असतं ना, तेच एक वेढा पट्टीभोवती, आणि नळी बाहेरून ४०० च्या पेपरने घासलेली. खालच्या टोकाला मास्किंग टेपचे चारेक वेढे दिले की मुठीत खेळ राहत नाही. स्क्रू बोटाच्या जोराने, जास्त आवळला तर नळी तडकते.

या तलवारीने कुणाला मारायचं नाही, गर्दीत उपसायची नाही, आणि थकलेले सेल घातक कचऱ्यात वेगळे द्यायचे.

(शेवटचं दृश्य: अंधारी गच्ची, मागे शहराचे दिवे. बटणाचा आवाज. निळा उजेड. निवेदन नाही.)