काळ्याची कामगिरी

नमस्कार श्रोतेहो. रेडिओवरून चित्रांविषयी बोलणं म्हणजे जरा आगाऊपणाच. पण आजची चित्रं निव्वळ शाईची आहेत, तेव्हा रंगांची वर्णनं तरी करावी लागणार नाहीत.

चित्रकार हॅरी क्लार्क, आयर्लंडमधल्या डब्लिनचा, जन्म १८८९चा. वडिलांचा कारखाना चर्चच्या सजावटीचा आणि रंगीत काचांच्या खिडक्यांचा, पोरगा त्यातच वाढला. तिथल्याच कॉर्क शहरातल्या होनन चॅपेलमधल्या ११ खिडक्या त्याच्या हातच्या. त्याच क्लार्कने १९१९ साली अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोच्या भयकथांसाठी २४ पानभर काळी-पांढरी चित्रं दिली.

अशी चित्रं तेव्हा लाइन ब्लॉकवरून छापत. आपल्याकडच्या जुन्या दिवाळी अंकांतही तीच रीत. चित्राचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा आणि रेघ राखून बाकीचं जस्त ॲसिडला खाऊ द्यायचं. या ब्लॉकला करडा रंग ठाऊकच नाही. शाई लागली तर काळं, नाही लागली तर कोरा कागद. मग सावली आणायची कुठून? रेघांवर रेघा ओढून, नाहीतर ठिपक्यांनी. तेही बेताने, कारण ठिपके फार दाटले की छापताना मधल्या फटीत शाई भरते आणि सावलीचा डाग होतो.

क्लार्क सरळ मोठमोठे काळे भाग भरतो. मला त्यात खिडकीवाला दिसतो. खिडकीतले काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. आतून बघताना शिसं काळंकुट्ट दिसतं आणि त्याच्या शेजारची काच पेटून उठते. पोच्या पानांवर तसा पेटतो तो कोरा कागद.

पोची ‘काळं मांजर’ आठवा. बायकोचं प्रेत तळघरात चिणून तो खुनी पोलिसांदेखत त्याच भिंतीवर काठी आपटतो. हे सगळं तोच सांगतोय, तेव्हा खरं किती धरायचं? अशा कथेला हुबेहूब तळघर काढून काय उपयोग? क्लार्कची माणसं लांबच लांब बोटांची, डोळे फाटलेली, सांगणाऱ्याच्या डोक्यातली वाटतात. कधी अंगरख्यांवरची नक्षी इतकी होते की भीती बाजूला राहते आणि आपण झालर बघत बसतो, हेही कबूल करतो.

१९२३च्या आवृत्तीत ८ रंगीत चित्रं वाढली. रंगांचा एवढा जाणकार, पण मला ती फिकीच वाटतात. खिडकीला मागून ऊन मिळतं. इथे मागे नुसता कागद.