डोळ्याला ओळ कळते

नमस्कार मंडळी. खणांच्या मुठी सरळ कशा बसवायच्या, एवढ्याशा विषयाला आपण एवढ्या संख्येनं आलात, याचा मला खरोखर आनंद झालाय. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये मी 33 वर्षं काढली. निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये लाकूडकाम करतो. पद्धत शेवटी क्रमानं सांगणार आहे. ज्यांनी वही आणलीय त्यांनी ती तयार ठेवा, पण आधी एक गोष्ट सांगतो, कारण ती ऐकल्याशिवाय पद्धत पटायची नाही.

त्याही आधी एका शब्दाबद्दल. ड्रॉवरला आपण खण म्हणतो. वाड्यातल्या दोन खांबांमधली जागा हाही खण, आणि चोळीचाही खणच. मला हा शब्द फार आवडतो. तिन्हीकडे त्यात आखणं आलं, मापात बसवणं आलं. आणि हे आखायला लागतं सूत. सुतार हा शब्द सूत्रधारावरून आला. इंचाचा आठवा भाग त्याला आजही सूत. म्हणजे नावातच दोरी आहे. ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1989 सालची गोष्ट. पंचवटीतलं आमचं जुनं घर उतरवलं. त्याच्या सागाच्या तुळया वखारीत चिरून आणल्या आणि आईसाठी चार खणांचं कपाट करायला दिलं. काम ज्या ठेकेदाराला दिलं होतं, त्याच्याकडचा सुतार हाताचा फार चांगला होता. खण बोटानं ढकलला की आत जाऊन हलकेच थांबायचा. मुठी मात्र शेवटच्या दिवशी संध्याकाळी बसवल्या, त्याही सुतारानं नाही, ठेकेदाराच्या हाताखालच्या पोरानं. मी भांडी बाजारातून जुन्या पितळी मुठी शोधून आणल्या होत्या, आठ दिवस चिंचेनं घासल्या होत्या. पोरानं प्रत्येक खणाला टेप लावला, लांबीचा निम्मा, उंचीचा निम्मा, फुली मारली, भोक पाडलं. अर्ध्या तासात चारही मुठी बसल्या.

आई दारात उभी राहिली. जवळसुद्धा गेली नाही. म्हणाली, "तिसरी डावीकडे गेलीय रे."

ठेकेदार म्हणाला, "मावशी, टेप लावून बघा." लावला. तिसरी मूठ आपल्या खणाच्या बरोबर मध्यावर होती! चारही तशाच होत्या. टेप खरा बोलत होता आणि आईही खरंच बोलत होती. आता हे कसं?

मग मी गुडघ्यावर बसून नीट पाहिलं. तिसरा खण घासत होता म्हणून सुतारानं त्याची उजवी कड रंध्यानं उतरवली होती. दर्शनी फळी 6 मिलीमीटरनं आखूड झाली होती. तेवढ्यानं तिचा मध्य 3 मिलीमीटर डावीकडे सरकला. खणापुरतं माप बरोबर, कपाटापुरतं चूक. आणि माणूस खण बघत नाही हो, माणूस कपाट बघतो.

ठेकेदारानं दुरुस्तीला नकार दिला. "3 मिलीमीटर कुणाला दिसतंय?" हे त्याचं वाक्य. पैसे पूर्ण घेतले होते. या वाक्याचा मला आजही राग येतो, आणि खरं सांगायचं तर आजचं हे व्याख्यान त्या वाक्याला उत्तर आहे. कारण ते दिसतं. कुणालाही दिसतं. ज्याला टेप धरता येत नाही त्यालाही दिसतं.

का दिसतं, ते मला कामावरच्या व्हर्नियर कॅलिपरनं, म्हणजे सरकत्या पट्टीनं बारीक माप घ्यायच्या हत्यारानं शिकवलं. पिएर व्हर्नियर नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं 1631 मध्ये ही पट्टी मांडली. आमच्या कॅलिपरवर मुख्य पट्टीच्या 49 मिलीमीटरमध्ये सरकत्या पट्टीचे 50 भाग असायचे, म्हणून 0.02 मिलीमीटरपर्यंत वाचता यायचं. एवढं अंतर नुसत्या डोळ्याला दिसत नाही. पण कॅलिपर तुम्हाला अंतर विचारतच नाही. तो विचारतो, कुठली रेघ कुठल्या रेघेसमोर आली? हे मात्र डोळ्याला झटकन कळतं. नेत्रविज्ञानात या क्षमतेला नावच व्हर्नियरचं आहे. दोन ठिपके वेगळे ओळखायला साधारण एका अंशाचा 60 वा भाग लागतो, पण एक रेघ दुसरीपासून सरकलीय हे त्याच्या कितीतरी पट बारीक फरकावर कळतं. खोली 12 फूट आहे की 13, यात आपण चुकू. पण भिंतीवरची तसबीर तिरकी झाली की पाहुणासुद्धा उठून सरळ करतो.

डोळ्याला माप कळत नाही, ओळ कळते. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. मग आपण मुठी बसवताना मापाच्या मागे का लागतो? ओळच का लावत नाही?

आईला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती रोज पहाटे अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढायची. आणि सणावाराला, घाई असली की, तिच्याकडे एक कागद होता. जाड खाकी कागद, त्यावर उदबत्तीनं ओळीत भोकं पाडलेली. प्रत्येक भोकाची कड करपलेली, तपकिरी. कागद जमिनीवर ठेवायचा, रांगोळी पसरून हात फिरवायचा, कागद उचलायचा, की सगळे ठिपके जागच्या जागी. दिवसभर मी कामावर जिग वापरायचो. जिग म्हणजे भोकं ठरल्या जागी पडावीत म्हणून केलेला साचा. आणि घरी कोनाड्यात जिग ठेवलेला होता, हे मला त्या रात्री दिसलं. मोजायचं एकदाच, भोक पाडताना. नंतर मोजणं नाही, नुसतं उतरवणं.

त्या कागदाच्या धर्तीवर मी पुठ्ठ्याचा साचा केला. तिसऱ्या खणाचं भोक 10 मिलीमीटरपर्यंत मोठं केलं, सागाची खुंटी फेविकॉल लावून ठोकली, रेषा फळीच्या रेषांना जुळवून, आणि नवं भोक पाडलं. मुठीच्या बुडाखाली खुंटी झाकली गेली. आई पुन्हा दारात उभी राहिली. काही बोलली नाही, आत जाऊन चहा टाकला.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. तेव्हा आता भराभर लिहून घ्या.

आधी खण, मग मुठी. चॅनेलच्या, म्हणजे खण ज्यावर सरकतो त्या पट्टीच्या, लांबट भोकांत स्क्रू सैल करून दर्शनी फळ्या सरळ करा, फटी सारख्या करा, स्क्रू आवळा. फळ्या हलणार असतील तोवर ड्रिलला हात लावू नका.

सगळे खण बंद करून समोर उभे राहा. कपाटाच्या वरच्या कडेचा मध्य, खालच्या कडेचा मध्य, दोन्हींमध्ये दोरी ताणा. ओळंबा सोडू नका. आपल्याकडच्या शहाबादी फरशीला उतार असतो, कपाट किंचित कललेलं असतं. ओळंबा पृथ्वीशी खरा, पण त्या कपाटाला खोटा. दोरी जिथून जाते तिथे प्रत्येक खणावर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण करा. पट्टीनं खूणही दिसते आणि भोकाची कडही कमी फुटते.

उंचीचं माप वरच्या मुठीपासून खालच्या मुठीला असं उतरवत नेऊ नका. प्रत्येक वेळची अर्ध्या मिलीमीटरची चूक साठत जाते. एका कामटीवर चारही खुणा करा आणि ती एकाच कडेला टेकवा. सगळ्यात खालचा खण खोल असेल तर मूठ मध्याच्या थोडी वर घ्या. आपण वरून बघतो, मध्यावरची मूठ ओघळल्यासारखी वाटते.

खण साधारण 600 मिलीमीटरपेक्षा रुंद असेल तर दोन मुठी. एकाच बाजूनं ओढला की तो तिरका होऊन अडकतो.

लांब हँडलच्या दोन भोकांमधलं अंतर 96, 128, 160 मिलीमीटर असं असतं, सगळे 32 चे पट. पाकिटावर विश्वास ठेवू नका, हँडलच कागदावर दाबून ठसा घ्या आणि त्यावरून 6 मिलीमीटर प्लायचा साचा करा. साच्याला वर एक पट्टी ठोका, म्हणजे ती खणाच्या कडेवर अडकेल. साच्यावर "वर" लिहा. उलटा धरला की सगळं गेलं.

खुणेवर पंचचा हलका ठोका द्या, नाहीतर ड्रिल घसरतं. चार मिलीमीटरच्या स्क्रूला पाचचं भोक, म्हणजे किंचित इकडेतिकडे करता येतं. मागून टाकाऊ लाकूड घट्ट धरा, नाहीतर आतून प्लाय फुटतो. स्क्रू आधी सैल, सगळ्या मुठी दोरीशी जुळवा, चार पावलं मागे जाऊन बघा, मगच आवळा.

सागाच्या भरीव फळ्या पावसाळ्यात उंचीला फुगतात, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून उभी ओळ बारा महिने टिकते, फटी मात्र कमीजास्त होतात. त्याला घाबरू नका.

वेळ संपली. 96 आणि 128 चे साचे बाहेरच्या टेबलावर ठेवलेत, ज्यांना हवेत त्यांनी न्या. आणि आईचा कागद शेजारीच काचेत लावलाय. फार जुना आहे, काच उघडू नका, पण वाकून नीट बघा. शेवटच्या ओळीतली दोन भोकं उदबत्ती जास्त वेळ टेकल्यामुळे मोठी झालीत, पण ओळीतच आहेत.