थर्मामीटर नेमकं कोणाचं तापमान सांगतो?

नमस्कार मंडळी! आज थर्मामीटर. आणि सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, ती व्हिडिओ संपेपर्यंत डोक्यात ठेवा: कुठलाही थर्मामीटर फक्त स्वतःचं तापमान सांगतो. तुमच्या अंगाचं, पाण्याचं, हवेचं तापमान त्याला थेट कळतच नाही. आपण काय करतो, त्याला अंगाला लावून ठेवतो, उष्णता इकडून तिकडे जाते, आणि दोघांचं तापमान सारखं झालं की त्याचा आकडा तो आपला आकडा असं धरतो. काखेत लावल्यावर थांबावं लागतं ते यासाठीच. एवढं पक्कं झालं ना, की थर्मामीटर कुठे कुठे फसवतात ते आपोआप कळायला लागतं.

आता बघा, भर उन्हात थर्मामीटर टांगला तर काय होईल? त्याच्यावर ऊन पडणार, काच तापणार, आणि तो तापलेल्या काचेचा आकडा दाखवणार, हवेचा नाही. म्हणून हवामान केंद्रांवर थर्मामीटर पांढऱ्या रंगाच्या, चारी बाजूंनी तिरप्या पट्ट्या असलेल्या पेटीत ठेवतात, वारा आत खेळतो पण ऊन थेट लागत नाही. हिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात, थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरने १९व्या शतकात ही बनवली. मला ही पेटी फार आवडते, कारण अडचण नेमकी कुठे आहे ते ओळखून केलेला इतका साधा उपाय क्वचित बघायला मिळतो.

बरं, पुढचा प्रश्न. थर्मामीटरला स्वतःचं तापमान तरी कसं कळतं? तर त्यासाठी तापमानाबरोबर बदलणारी कुठली तरी गोष्ट लागते जी आपण डोळ्यांनी किंवा मीटरवर बघू शकतो. लांबी, आकारमान, व्होल्टेज, रेझिस्टन्स (म्हणजे विजेला होणारा अडथळा), काहीही चालेल, फक्त तेवढ्याच तापमानाला ती दर वेळी तेवढीच भरली पाहिजे.

पहिली वापरात आलेली गोष्ट म्हणजे हवा. गॅलिलिओच्या काळात काचेच्या गोळ्यात हवा, खाली नळी, नळीचं तोंड पाण्यात, गोळा गरम झाला की हवा फुगून पाणी खाली ढकलायची. पण नळी खालून उघडी होती, त्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब बदलला तरी पाणी हलायचं आणि ते गरमीने हललं की दाबाने, ते काही कळायचं नाही. १७व्या शतकाच्या मध्यावर टस्कनीचा ड्यूक दुसरा फर्डिनांड याच्या दरबारात नळीत अल्कोहोल भरून ती वरून बंद करायला लागले आणि ही भानगड मिटली. मग १७१४ मध्ये फॅरनहाइटने पारा वापरला.

पारा भारी का, तर तो काचेला चिकटत नाही, पटकन गरम होतो, चमकतो म्हणून दिसतो, आणि बऱ्यापैकी एकसारखा फुगतो. पण फुगतो किती? १ डिग्रीला (इथून पुढे सगळे आकडे सेल्सिअसमध्ये) स्वतःच्या आकारमानाच्या साधारण साडेपाच हजाराव्या भागाइतका. म्हणजे जवळपास काहीच नाही. मग दिसतो कसा? खाली फुगा, आणि त्याला जोडलेली केसासारखी बारीक नळी, एवढीच युक्ती. फुग्यातला तो जरासा जास्तीचा पारा बारीक नळीत शिरला की लांबच लांब सरकतो. आणि हो, काच पण फुगते, तिच्या फुगण्यासकट सगळा हिशोब करूनच नळीवर आकडे टाकलेले असतात.

तापाच्या थर्मामीटरमध्ये अजून एक गंमत असते. फुग्याच्या वर नळी एका जागी आवळलेली असते. पारा वर जाताना जोराने तिथून निघून जातो पण गार व्हायला लागला की तिथेच तुटतो आणि वरचा भाग अडकून राहतो, म्हणून काखेतून काढून निवांत वाचता येतं आणि नंतर झटकावं लागतं. आधीचे तापाचे थर्मामीटर लांबलचक असायचे, आकडा यायला २० मिनिटं जायची. १८६६च्या सुमारास थॉमस ऑलबट या इंग्लिश डॉक्टरने ते साधारण ६ इंचांवर आणले आणि वेळ ५ मिनिटांवर. छोटं केल्यावर वेळ का वाचला? कारण थर्मामीटरला स्वतः गरम व्हायचं असतं, वस्तुमान कमी तर उष्णताही कमी लागते! आता पारा विषारी, त्याची वाफ तर फारच वाईट, त्यामुळे मिनामाता करारात, म्हणजे पाऱ्याचा वापर कमी करायच्या आंतरराष्ट्रीय करारात, पाऱ्याच्या थर्मामीटरचं उत्पादन थांबवायला २०२० ही मुदत ठेवली होती. तसंही उणे ३९ च्या आसपास पारा गोठतो, म्हणून कडाक्याच्या थंडीसाठी लाल रंग घातलेलं अल्कोहोलच वापरतात.

दोन धातूंच्या पट्टीचं थोडक्यात सांगतो. पितळ आणि स्टील एकमेकांना घट्ट चिकटवले, पितळ जास्त वाढतं, स्टील कमी, त्यामुळे गरम झाल्यावर पट्टी वाकते. तिची गुंडाळी करून टोकाला काटा लावला की झाला गोल डायलचा थर्मामीटर. फार अचूक नाही, पण बॅटरी लागत नाही आणि दणकट असतो.

आता माझा सगळ्यात लाडका प्रकार, थर्मोकपल. १८२१ मध्ये सीबेक या शास्त्रज्ञाला दिसलं की दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून एक जोड गरम केला तर जवळची होकायंत्राची सुई हलते. होतं काय, तारेचं एक टोक गरम आणि दुसरं गार असेल तर गरम बाजूचे इलेक्ट्रॉन गार बाजूकडे सरकतात आणि दोन टोकांत बारीकसं व्होल्टेज तयार होतं. दोन्ही तारा एकाच धातूच्या घेतल्या तर दोघींचं व्होल्टेज सारखंच, ते एकमेकांना मारून टाकतं आणि हातात शून्य उरतं. म्हणून दोन वेगळे धातू. बरेच जण सांगतात की व्होल्टेज जोडावर तयार होतं, तसं नाहीये, ते तारेच्या त्या लांबीत तयार होतं जिथे तापमान बदलत जातं, आणि म्हणूनच तार मध्येच कुठे खराब झाली तरी आकडा चुकतो. खूप वापरला जाणारा के टाइप १ डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो, म्हणजे १०० डिग्रीच्या फरकाला जेमतेम ४ मिलिव्होल्ट. आणि फरकाला म्हणालो ते ऐकलंत ना? थर्मोकपल फक्त गरम टोक आणि मीटरकडचं टोक यातला फरक सांगतो, मग खरं तापमान काढायला मीटरकडचं टोक किती गरम आहे हे माहीत पाहिजे, म्हणून मीटरच्या आत अजून एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, आणि तो चुकला की भट्टीचा आकडा पण चुकला. पण हजार डिग्रीच्या वरच्या भट्टीत दोन तारा घालून तापमान कळतं, ही मला आजही कमाल वाटते.

जिथे अचूकता पाहिजे तिथे प्लॅटिनम. धातू गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि प्लॅटिनमचा फार शिस्तीत वाढतो. पीटी १०० नावाचा सेन्सर असतो, ० डिग्रीला १०० ओहम आणि १०० डिग्रीला साधारण १३८.५ ओहम. म्हणजे डिग्रीमागे अर्धा ओहम पण नाही! आता मीटरपर्यंत नेलेल्या तारांचाच रेझिस्टन्स १ ओहम असेल तर अडीच डिग्रीची चूक तिथेच झाली, म्हणून चांगल्या सेन्सरला ३ किंवा ४ तारा असतात, तारांचा हिशोब वजा करायला. शिवाय मोजायला करंट सोडावा लागतो आणि करंटने सेन्सर स्वतःच थोडा तापतो, म्हणून तो अगदी कमी ठेवतात.

तापाच्या डिजिटल थर्मामीटरमध्ये सहसा थर्मिस्टर असतो, त्याचा रेझिस्टन्स उलटा, तापमान वाढलं की कमी होतो, आणि भरपूर कमी होतो, डिग्रीमागे साधारण ४ टक्के, त्यामुळे स्वस्तातल्या सर्किटलाही तो वाचता येतो. मात्र थोड्याच रेंजमध्ये कामाचा.

आणि आता इन्फ्रारेड गन. तुम्ही म्हणाल, ही तर लांबूनच मोजते, मग स्वतःचं तापमान वगैरे कुठे गेलं? थांबा. प्रत्येक वस्तू सतत किरण सोडत असते, आपल्या अंगातून निघतात ते इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारे. १८०० मध्ये विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने प्रिझममधून सूर्यप्रकाश पाडला आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटर ठेवला तर पारा चढला, तिथून हे कळलं. गनमध्ये भिंग हे किरण एका इवल्याशा पातळ पडद्यावर गोळा करतं, पडदा किंचित तापतो, आणि त्याला चिकटलेली बारीक थर्मोकपल्सची रांग ते मोजते. म्हणजे ही गनसुद्धा शेवटी स्वतःच्या पडद्याचंच तापमान बघते! म्हणून एकदम गार खोलीतून गरम जागी आणलेली गन काही वेळ भलतेच आकडे देते, तिला आधी जरा स्थिरावू द्या.

तो लाल लेझर काही मोजत नाही, फक्त नेम धरायला आहे. गनवर १२ : १ असं लिहिलेलं असेल तर १२ सेंटिमीटरवरून ती १ सेंटिमीटरचा गोल बघते आणि जितकं लांब जाल तितका गोल मोठा, मग आजूबाजूची भिंतही त्यात येते. आणि सगळ्यात मोठी फसगत चकचकीत धातूची. त्वचा किरण सोडण्यात जवळपास पैकीच्या पैकी, म्हणजे १ पैकी साधारण ०.९८, पण चकचकीत ॲल्युमिनियम ०.१ च्याही खाली असू शकतं. ते स्वतःचे किरण फार कमी सोडतं आणि खोलीतले परावर्तित करतं, त्यामुळे हात पोळेल इतक्या गरम भांड्यावरही गन निवांत खोलीचं तापमान दाखवते. त्या आकड्यावर विश्वास ठेवून हात लावू नका, प्लीज. भांड्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा, मिनिटभर थांबा आणि टेपवर नेम धरा.

तुमचा थर्मामीटर बरोबर आहे का बघायचं असेल आणि त्याच्या रेंजमध्ये ० डिग्री येत असेल (तापाच्या थर्मामीटरमध्ये ते येत नाही), तर ग्लासभर बर्फाचा चुरा घ्या, फटी भरतील एवढंच पाणी घाला, ढवळा, टोक तळाला न लावता मध्ये धरा, ० यायला पाहिजे. सेल्सिअसने १७४२ मध्ये स्केल मांडलं तेव्हा उलटं होतं बरं का, पाणी उकळतं तिथे ० आणि बर्फाला १००, नंतर ते फिरवलं गेलं. उकळत्या पाण्याने तपासताना मात्र जपून, कारण साधारण दर ३०० मीटर उंचीला उकळायचं तापमान १ डिग्रीने उतरतं, १५०० मीटरवर राहत असाल तर ९५ च्या आसपासचा आकडा आला तरी थर्मामीटर ठीकच आहे, फेकून देऊ नका.