मटकीला मोड आले की...

पहाटेचे पाच. कोल्हापुरातलं मिसळीचं दुकान. मागच्या खोलीत ओल्या फडक्याची गाठ सुटते. आत मटकी. आधी रात्रभर भिजवलेली, मग बांधून ठेवलेली. आता दाण्यादाण्यातून पांढरा मोड डोकावतोय. आपलं लक्ष नेहमी कटाच्या लाल तर्रीकडं जातं. आज जरा या मोडाकडं बघूया.

या दाण्यात जस्त आहे. तेच जस्त, ज्याचा मुलामा पत्र्याला नि बादलीला देतात. माणसाच्या अंगात ते असतं जेमतेम दोन-तीन ग्रॅम. पण पोरांची वाढ, जखम भरणं, तोंडाची चव, आजाराशी झुंजण्याची ताकद, सगळं त्याच्यावाचून अडतं. शिवाय शरीर त्याची शिल्लक ठेवत नाही. ते रोजच्या ताटातूनच यावं लागतं.

ताटात असून ते अंगी मात्र लागेलच असं नाही. धान्य-कडधान्यातलं फायटेट जस्ताला धरून ठेवतं. मोड फुटताना बी स्वतःच हे फायटेट मोडायला लागतं आणि जस्त मोकळं होतं. आंबिलीचं पीठ आंबतं, तेव्हाही तेच. मटणातलं जस्त सहज मिळतं, हे खरं. पण तांबडा-पांढरा रोज कुणाच्या घरी शिजतो?

1958 साली इराणमधल्या शिराजमध्ये, मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांच्यापुढं एक रुग्ण आला. वय 21, अंगानं दहा वर्षांचा पोरगा. खाणं मुख्यतः न आंबवलेल्या पिठाची रोटी. माणसाला जस्त कमी पडू शकतं, हा शोध तिथून सुरू झाला.

आणि आता पावसाळा. पंचगंगा पात्र सोडते, पाणी गढूळ होतं, लेकरांना जुलाब लागतात. आशाताई ओआरएसची पुडी देते, सोबत जस्ताच्या 14 गोळ्या. आठ महिन्यांच्या बाळाची आई चमचाभर पाण्यात गोळी टाकते. ती क्षणात विरघळते. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि बहुतेक घरांत गोळ्याही तिथंच थांबतात. थांबवू नका हो! आतड्याचं अस्तर अजून सावरतंय. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब लागण्याचा धोकाही याच गोळ्या कमी करतात.

अकराव्या दिवशी, डोस देऊन झाल्यावर, आशाताई पुन्हा दारात. आई फळीवरची पट्टी काढून दाखवते.

बरोब्बर तीन उरल्यात.