लिलियन वॉल्ड आणि आपल्या घरभेटी

ठाण्यात आरोग्यसेविका, आशाताई आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींपुढे बोलायचं ठरलं, तेव्हा लिलियन वॉल्ड हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतात. पण खांद्याला व्हॅक्सिन कॅरियर, म्हणजे लसींची थंड पेटी, अडकवून तुम्ही कळव्याच्या वाघोबानगरच्या पायऱ्या चढता, तुर्भ्याच्या दगडखाणींजवळच्या वस्तीत गरोदर बायांची नोंद घेता, त्या कामाची घडी बसवणाऱ्या बाईंचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही.

वॉल्डबाईंचा जन्म 10 मार्च 1867चा, अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा. घर खाऊनपिऊन सुखी. 1891मध्ये न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या शाळेतून त्या नर्स झाल्या, मग डॉक्टर व्हायचं म्हणून मेडिकल कॉलेजात गेल्या. 1893मध्ये न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या दाटीच्या भागात त्या बायकांना घरच्या शुश्रूषेचे धडे देत होत्या. तिथे एक लहान मुलगी आली आणि आई आजारी आहे म्हणून बाईंना बोलावू लागली. बाई तिच्यामागून निघाल्या. पावसाची रिपरिप, उखडलेला रस्ता, चिखलाने माखलेला जिना. वर दोन खोल्यांत सात जणांचं कुटुंब, शिवाय भाड्याने ठेवलेली माणसं. बाळंतीण पडून होती आणि दोन दिवसांपूर्वीच्या रक्तस्रावाने भरलेलं अंथरूण तसंच होतं. बाईंनी तिला स्वच्छ केलं, अंथरूण बदललं. मेडिकल कॉलेज त्यानंतर सुटलं ते सुटलंच.

इथवर ही दयाळूपणाची गोष्ट वाटेल. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. मेरी ब्रूस्टर या मैत्रिणीला घेऊन त्या त्याच वस्तीत राहायला गेल्या, जेफर्सन स्ट्रीटच्या एका चाळवजा इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. जेकब शिफ या बँकवाल्यांनी पैसा दिला आणि 1895मध्ये हेन्री स्ट्रीटवर घर मिळालं. नियम बाईंचे होते. नर्सला कुणीही थेट बोलावू शकेल, डॉक्टरची चिठ्ठी लागणार नाही. ज्याला जमेल त्याने थोडे सेंट द्यावेत, म्हणजे कुणाला आपण भीक घेतोय असं वाटायला नको. जिने उतरा-चढायचा वेळ वाचवायला या नर्सेस एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जात. तसा एक जुना फोटो आहे. हातात बॅग, अंगात लांब झगा आणि कठडा ओलांडणारी नर्स. विद्यार्थिनींनो, तो जरूर शोधून पाहा.

शाळेचं काम तर त्याहून मोठं. न्यूयॉर्कच्या शाळांत डॉक्टर तपासणीला येत आणि खरूज, डोळे आलेले, उवा झालेल्या पोरांना घरी धाडत. पुढे त्यांचं काय, हे बघणारं कुणी नव्हतं. डोक्यावरच्या इसबामुळे बारा वर्षांचा होईपर्यंत शाळेत टिकूच न शकलेला एक मुलगा बाईंना भेटला होता. आईकडे मलम होतं, पण ते लावायचं कसं हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. 1902मध्ये बाईंनी लीना रॉजर्स ही आपली नर्स महिनाभर चार शाळांसाठी शहराला दिली. लीनाबाई शाळेत उपचार करत आणि संध्याकाळी पोराच्या घरी जाऊन आईला शिकवत. शहराने मग स्वतःच नर्सेस नेमल्या. सप्टेंबर 1902मध्ये 10,567 मुलांना घरी पाठवलं होतं, पुढच्या सप्टेंबरात 1,101. रोग तेच, मलमंही तीच. फरक पडला तो नर्स उंबऱ्याच्या आत गेल्यामुळे.

एक तारीख मात्र मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. 10 मार्च 1897 रोजी वॉल्डबाईंना तीस वर्षं पुरी झाली आणि त्याच दिवशी पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या वस्तीतलं प्लेगचं पोर स्वतः उचलून त्यांनी हडपसरजवळ आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणलं होतं. घरभेटीचा वारसा आपण फक्त परदेशातून घेतलेला नाही.

1909मध्ये वॉल्डबाईंनी मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीला आपल्या विमेदारांच्या घरी नर्स पाठवायला राजी केलं. 1912मध्ये पब्लिक हेल्थ नर्सेसची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि त्या तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी सरकारने मुलांसाठी स्वतंत्र खातं काढलं. ती कल्पना समाजसुधारक फ्लॉरेन्स केली आणि वॉल्डबाईंची. 1918च्या फ्लूच्या साथीत शहरभरच्या नर्सेसची जुळवाजुळव त्यांनीच केली. 1940मध्ये त्या गेल्या. त्यांनी सुरू केलेली घरभेटींची सेवा न्यूयॉर्कमध्ये आजही चालू आहे.

हे सगळं त्यांना जमलं, कारण खोलीत जे दिसलं ते त्या थेट शहराच्या कारभाऱ्यांपुढे मांडत होत्या. आपल्या सिस्टरलाही सगळं दिसतं. नळाला पाणी रात्री दोनला येतं म्हणून बाई सकाळच्या तपासणीला येत नाही, हे तिला ठाऊक असतं. माता-बाल कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गादीखाली ठेवलंय आणि त्यात दीड वर्षाचा डोस राहिलाय, हेही तीच शोधून काढते. पण वर जातो तो फक्त आकडा. पाण्याची वेळ ज्या बैठकीत ठरते, तिथे तिला कुणी बोलावत नाही. हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

समोर काही अधिकारी बसलेले दिसतात, म्हणून त्यांच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या प्रभागाच्या पुढच्या आढावा बैठकीत वस्तीच्या अहवालाला वेळ राखून ठेवा आणि तो सिस्टरला स्वतः मांडू द्या.