जुलैत टिकला तर रिले

(लाँच शिवसागरच्या पाण्यातनं चाललीय, मागं बामणोलीचा काठ)

बामणोलीतनं लाँच सुटली की रेंजच्या काड्या एकेक करत जातात, आणि पलीकडं उतरेपर्यंत हातातला फोन म्हणजे नुसता कॅमेरा. कोयनेचं धरण १९६० च्या दशकात झालं, खोरं पाण्याखाली गेलं, बरीच गावं उठली. जी राहिली ती वर सरकून, वाड्यावाड्यांनी, एक वाडी या सोंडेवर तर दुसरी पार त्या खिंडीपल्याड, आणि असल्या ठिकाणी टावर टाकून गिऱ्हाईक किती मिळणार हा हिशोब कंपन्यांनी कधीच करून टाकलाय. आठ महिने चालतं हो असंच, लोकांना सवय आहे. प्रश्न पावसाळ्याचा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत खाली पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळेला दरडी कोसळल्या. अशा वेळी लाईट जाते, लाईटच्या मागोमाग टावर जातो, रस्ता तर आधीच गेलेला असतो, मग शेजारच्या वाडीत काय झालं हे कळायला माणूसच चालत जावा लागतो.

(क्लोजअप: करड्या रंगाचा प्लास्टिकचा डबा, वर सोलर पॅनल, बाजूला काळी अँटेना)

तर हा डबा, म्हणजेच रिले, निरोप ऐकून पुढं ढकलणारा. आत एक छोटा लोरा रेडिओ (कमी विजेवर लांबपर्यंत छोटे निरोप पाठवणारा), सेल, चार्जिंगचं सर्किट, बस. याला सिम नाही, इंटरनेट नाही, महिन्याचा रिचार्ज नाही. यावर मेशटॅस्टिक नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर चालतं, २०२० पासनं जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून वाढवलेलं. खालच्या वाडीत एकाकडं असाच खिशात मावणारा रेडिओ असतो, तो ब्लूटूथनं फोनला जोडायचा, मेसेज टाईप करायचा, डोंगरावरचा डबा तो ऐकतो आणि पुन्हा मोठ्यानं बोलतो, पलीकडच्या खोऱ्यातला ऐकतो. पूर्वी या टेपावरनं त्या टेपावर कुकारा घालून निरोप पोचवायचे ना, अगदी तेच.

लायसन लागतं का, हे सगळे पहिलं विचारतात. नाही लागत. आपल्याकडं ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी पॉवरच्या उपकरणांना मोकळा आहे, फक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रदेश भारत निवडायचा आणि अँटेना मागवताना ८६८ वालीच मागवायची, ९१५ ची येते दिसायला सेम टू सेम, अन् मग रेंज का मिळेना म्हणून डोकं धरून बसायचं. आणि अँटेना लावल्याशिवाय रेडिओ चालू करायचा नाही, पाठवणारा भाग जळू शकतो.

आता मेसेज किती मोठा? साधारण २०० बाइट. आणि इथं आपल्या लिपीची गंमत आहे, देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा, प्रत्येक अनुस्वार ३ बाइट खातो. 'दरड पडली' एवढं लिहिलं की २२ बाइट गेले, तेच इंग्रजी अक्षरांत ११. म्हणजे मराठीत ६५ खुणांच्या आसपास जागा, त्यात 'नमस्कार, कसे आहात' बसवत बसायचं नाही. तरी मी म्हणेन मराठीतच लिहा, कारण तिकडं वाचणारी आजी असू शकते.

(ड्रोन: धारेवरचा कातळ, खाली दोन्हीकडं खोरी)

हे रेडिओ एकमेकांना कसे ऐकतात त्यात डोकं लावलेलं आहे. मेसेज आला की सगळे एकदम बोलायला लागले तर नुसता गोंधळ, म्हणून प्रत्येक जण थोडा थांबतो, आणि ज्याला आवाज सगळ्यात कमजोर आला तो कमी थांबतो, कारण तो बहुतेक सगळ्यात लांब आहे, त्यानं बोललं तर मेसेज पुढं सरकेल. बाकीच्यांनी ते ऐकलं की ते गप्प. एक मेसेज साधारण ३ उड्या मारतो, सेटिंग बदलून ७ पर्यंत. आता काय होतं, लोकांना वाटतं आपला रेडिओ लय भारी, त्याला 'राउटर' करून टाकू. राउटर सगळ्यांच्या आधी बोलतो. तो जर खाली वाडीत, घराच्या पत्र्याखाली असेल तर तो आधी बोलून एक उडी फुकट घालवतो आणि वरचा बिचारा गप्प बसतो. राउटर फक्त डोंगरावरच्या डब्याला करायचं, तेही जिथनं दोन्ही खोरी दिसतात अशा जागेला.

दिसणं महत्त्वाचं, पॉवर नाही. समोरच्या धारेवरनं नुसत्या डोळ्याला वाडी दिसत असेल तर सिग्नल आरामात जातो, मध्ये एक टेकाड आलं की गेला. आणि पावसानं सिग्नल कमी होतो म्हणतात ते या फ्रिक्वेन्सीला फारसं खरं नाही, थेंब काही करत नाहीत. करते ती ओली झाडी, आणि त्याहून जास्त कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी.

(टेबलावर दोन बोर्ड शेजारी शेजारी)

सगळा खेळ इथं आहे. डब्यातल्या रेडिओचे हे दोन बोर्ड, यातला एक निवडायचा. एकात ईएसपी-३२ चिप, स्वस्त, सगळीकडं मिळणारी, पण सतत ऐकत राहिली तर ८०-१०० मिलिअँपिअर ओढते, म्हणजे दिवसाला ७-९ वॉट-तास. दुसरा एनआरएफ-५२ वाला, तो १० मिलिअँपिअरच्या आसपास, दिवसाला १ वॉट-तास सुद्धा नाही. पॅनल ५ वॉटचं धरा. मे महिन्यात ते दोघांनाही पुरतं, उरतं सुद्धा, म्हणून मे महिन्यात लावून बघणारा प्रत्येक जण म्हणतो झालं काम. मग जुलै येतो. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि पावसापेक्षा वाईट ते धुकं, दिवसच्या दिवस समोरचं झाड दिसत नाही. तेच पॅनल अशा दिवशी दहावा हिस्सा देईल तर नशीब, म्हणजे धरा २ वॉट-तास. पहिला बोर्ड दोन १८६५० लिथियम सेलवर तीन-साडेतीन दिवसात आडवा. दुसरा त्या धुक्यातल्या उजेडावर सुद्धा जगतो, आणि पॅनलनं काहीच दिलं नाही तरी हिशोबानं तीनेक आठवडे काढतो, प्रत्यक्षात थोडे कमी. दुकानात उभं राहून किंमत बघू नका, जुलै बघा.

मोठं पॅनल लावलं की झालं, असंही म्हणणारे आहेत. लावा की, पण धारेवर वारं असतं, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केल्या नाहीत, मोठं पॅनल म्हणजे शीडच, खांबासकट जायचं. छोटं पॅनल, तोंड दक्षिणेला, थोडं तिरकं म्हणजे पाणी आणि शेवाळ साचत नाही.

डब्याला भोकं फक्त खालनं. वायर आत जाताना आधी खाली लोंबती वळवायची म्हणजे पाणी टोकावरनं गळून जातं, आत उतरत नाही. कनेक्टरला रबरी टेप ताणून गुंडाळायची. आणि डबा अगदी हवाबंद केला तरी आतल्या हवेची वाफ रात्री गार होऊन पाणी होतेच, त्यापेक्षा हवा जाणारं पण पाणी न येणारं बारीक झाकण मिळतं ते बसवलेलं बरं. उन्हाळ्यात उलटं, कातळ तापतो, डबा तापतो, आणि ४५ अंशाच्या वर लिथियम सेल चार्ज करणं बरं नाही, म्हणून पॅनल डब्याच्या वर, मध्ये दोन बोटं फट सोडून. काळा डबा नको. वानरं वायर ओढतात, हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही पण महाबळेश्वरच्या माणसाला सांगायला लागत नाही, वायर पाईपातनंच न्या.

जागा मात्र विचारून. कासचं पठार, कोयना अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प, हे सगळं वनखात्याचं, तिथं परवानगीशिवाय खांब काय, खुंटी पण ठोकायची नाही. मालकीचं रान, शाळेचं छत, ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी, यातनं बरंच भागतं. आणि मेसेज कुलूपबंद करणारी चावी, म्हणजे पासवर्डच म्हणा, सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासनं असते ती सगळ्या जगाला माहितीय, वाडीचा स्वतःचा चॅनल आणि नवीन चावी करून घ्या, नाहीतर कोणीही वाचेल.

(वाडी, बंद घरं, एका ओट्यावर दोन म्हातारी माणसं)

अजून एक गोष्ट, जी सर्किटमध्ये दिसत नाही. या खोऱ्यातली तरणी पोरं मुंबईला असतात. मे महिन्यात आणि गणपतीला येतात, डबा लावणार तेच, आणि जून ते ऑगस्ट, जेव्हा गरज, तेव्हा इथं डोंगर चढणारं कोणी नाही. म्हणून रिलेचं रिमोट सेटिंग मे मध्येच करून ठेवायचं आणि खाली एकाला तरी बॅटरीचा आकडा वाचायला शिकवायचं. तो आकडा या रेडिओंच्या जाळ्यावरनंच येत राहतो, ३.९ व्होल्ट असेल तर निवांत, ३.७ ला लक्ष ठेवायचं, ३.५ कडं घसरायला लागला की लोकेशन न् हवामानाचे जे मेसेज रिले आपोआप पाठवत असतो ते खालनंच बंद करायचे आणि ऊन पडेपर्यंत फक्त माणसांचे निरोप जाऊ द्यायचे.